दोनपेचे

त्यांचं आडनाव दोनपेचे नव्हतं. पण आमच्या वऱ्हाडात आडनावांचं काही सांगता येत नाही, त्यामुळे नव्यानं रुजू झालेली मंडळी ते खरंच मानायची आणि हजेरीच्या वहीत ते नाव शोधत बसायची. मीही पहिले आठ दिवस ‘दोनपेचे, जरा इकडे या’ असं हक्कानं म्हणत होते आणि ते येत होते. पगारपत्रक सहीला आलं तेव्हा खरं नाव कळलं. मी ओशाळून माफी मागायला गेले, तर म्हणाले की चालते म्याडम, तिकडचं नाव बापानं ठेवलं, हे मी कमावलं.

कमावलं ते असं. विजेच्या मीटरच्या खालच्या झाकणाआड वायरी खोचायची भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर एकाखाली एक असे दोन पेच असतात. वायरीचं टोक सोलून आत घालायचं आणि दोन्ही पेच आवळायचे, एवढंच ते काम. घाईतला माणूस एक पेच आवळतो, वायर हलत नाही एवढं बघतो आणि झाकण लावून पुढच्या घरी जातो. दुसरा पेच नुसता टेकलेला राहतो. वर्षभर कोणाला काही कळत नाही. मग एखाद्या मे महिन्यात घरातला कूलर, फ्रीज आणि पाण्याची मोटर एकदम चालू असताना ती ढिली जागा तापायला लागते, काळी पडते आणि मीटर जळतं. यांचा सगळा जीव त्या दुसऱ्या पेचात अडकलेला. कोणताही लाइनमन काम आटोपून ऑफिसात शिरला की त्याला पाणी पिऊ द्यायच्या आत हे विचारणार, “दोन्ही पेच?” पोरं वैतागून हो म्हणायची. त्यातल्याच कोणीतरी हे नाव पाडलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, अमरावतीहून नुकतीच अकोल्याला आलेली, शहराच्या कडेच्या एका सेक्शनची इंजिनीअर. नोकरी परिवीक्षेवर होती, म्हणजे कायम व्हायची होती. ते छप्पन्नचे, आमच्याकडचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, रोज मूर्तिजापूरहून पॅसेंजरनं यायचे. उंच, वाळलेले, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात जाड रबराचे बूट. पॅन्टला पट्टा नव्हता. पट्ट्याचं बक्कल धातूचं, म्हणून त्यांनी पॅन्टला सुती नाडा शिवून घेतला होता. घड्याळ आणि अंगठी कामाआधी काढून सायकलच्या पिशवीत जायची. घरून निघतानाच का काढून ठेवत नाही असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, बायको म्हणते बिनाअंगठीचे जाऊ नका, आणि मी म्हणतो अंगठीनं मीटरले हात लावू नका, दोघाचंही राह्यलं पाहिजे.

त्यांची कामाची रीत बघायला मिळाली तर माणूस आधी हसायचा आणि अर्ध्या तासानं जांभया द्यायचा. घरी गेल्यावर पहिल्यांदा ते मीटरच्या आधीच्या कटआउटमधला फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. खाली ठेवायचे नाहीत, घरच्यांच्या हातात द्यायचे नाहीत. कोणीतरी भला माणूस ‘अरे लाइट कावून गेली’ म्हणत तो परत लावून टाकतो, आणि आतल्याचा जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. मग होल्डरला जोडलेला एक दिवा पिशवीतून काढायचे. तो आधी शेजारच्या चालू लाइनवर लावून पेटतो का बघायचे, मग इथे लावून पेटत नाही हे बघायचे, मग पुन्हा शेजारी जाऊन पेटतो का हे बघायचे. तिसऱ्यांदा का, असं विचारलं की म्हणायचे, मधातच दिवा गेला असन तं?

त्यानंतर पोथी. मीटरच्या झाकणाच्या आत जोडणीची एक आकृती छापलेली असते, कुठली वायर कुठे जाणार याची. तीसेक वर्षं मीटर बसवलेला माणूस ती आकृती दर वेळी चष्मा लावून, बोट ठेवून, मोठ्यानं वाचायचा. इकडून फेज आला, इकडून फेज गेला, हा न्यूट्रल आला, हा गेला. घरातली पोरंसोरं जमा व्हायची. आमच्या ऑफिसातले दोघे-तिघे त्यांची हुबेहूब नक्कल करायचे, आणि मीही त्या नकलांना खळखळून हसले आहे. मीटर तयार करणारा बदलला की आकृती बदलू शकते, आणि सवयीनं हात चालवणाऱ्याला ते कळत नाही, हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. तरी नक्कल बघून हसू यायचंच.

वायर जोडली की दोन्ही पेच आवळायचे, वायर ओढून बघायची, आणि मग चहा मागायचा. चहा हा कामाचाच भाग होता. आवळलेली वायर थोड्या वेळानं बसते आणि पेच पुन्हा किंचित ढिला होतो, म्हणून चहा झाल्यावर उठून ते दोन्ही पेच पुन्हा आवळायचे. मगच खिशातला फ्यूज बाहेर निघायचा.

एकदा तो निघालाच नाही. एका वकीलसाहेबांकडे काम झालं, चहा झाला, पेच पुन्हा आवळून झाले, आणि मग त्यांच्या घराला अर्थिंग नाही हे लक्षात आल्यावर यांनी जे भाषण दिलं, त्या भाषणाच्या नादात हे तसेच सायकलवर टांग मारून स्टेशनवर गेले. गाडीत पास दाखवायला खिशात हात घातला तर फ्यूज. बोरगावला उतरले, मिळेल त्या ऑटोनं परत आले आणि फ्यूज लावला. तोवर वकीलसाहेबांचं सगळं कुटुंब मे महिन्यात तीन तास ओल्या टॉवेलखाली बसलं होतं. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार माझ्या टेबलावर आली. मी मेमो काढला. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: चूक मान्य आहे, फ्यूज यापुढेही खिशातच ठेवीन. मी बोलावून घेऊन विचारलं की निदान दिलगिरी तरी लिहायची, लोकांचे किती हाल झाले.

“हाल झाले,” ते म्हणाले, “पण सारे जिते होते न.”

अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला कूलर म्हणजे काय ते कळायचं नाही. लोखंडी पत्र्याचा पेटारा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या, खाली पाण्याचं टाकं, आत पाणी वर चढवणारी छोटीशी मोटर. घरोघरी, झोपडीतसुद्धा. आणि दर वर्षी कोणी ना कोणी पाणी भरताना त्याला चिकटून जातो. ओला हात, ओली फरशी, लोखंड आणि करंट एकाच ठिकाणी. म्हणून मीटर लावून झालं तरी दोनपेचे निघत नसत. कूलर कुठी आहे, असं विचारून आत जायचे, त्याच्या पत्र्याला टेस्टर लावून बघायचे, आणि घरातल्या बाईला मीटरपाशी उभी करून मेन स्विच तिच्या हातानं तीनदा खाली-वर करायला लावायचे. बायका लाजायच्या, मागे सरायच्या, नवरा पुढे व्हायचा. ते नवऱ्याला बाजूला करायचे. साहेब ऑफिसात जाते, करंट घरीच राह्यते, असं सांगायचे. काही बायका पदर खोचून तीन ऐवजी दहा वेळा करायच्या, आणि यांना त्याचा फार आनंद व्हायचा.

असा माणूस दिवसाला चार मीटर बसवतो. जास्तीत जास्त पाच.

मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी जुनी चकतीची मीटर काढून नवीन लावायची मोहीम निघाली. सेक्शनला उद्दिष्ट आलं, भिंतीवर तक्ता लागला, आणि दर आठवड्याला साहेब लोक त्या तक्त्यावरून माणसाची लायकी ठरवायला लागले. बाहेरची एक एजन्सी नेमली गेली. तिची पोरं दिवसाला वीस-वीस मीटर बसवून यायची. माझ्या तक्त्यावर एजन्सीची उभी रेघ वर वर चढत होती आणि दोनपेच्यांची जमिनीला टेकलेली होती. मी त्यांना एकदा समजावलं, दोनदा रागावले. तिसऱ्यांदा त्यांना मीटरच्या कामावरून काढून ऑफिसातल्या मागच्या खोलीत बसवलं, उतरवून आणलेली जुनी मीटर तपासून ढीग लावायला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. ऑर्डर देताना मी नजर वर केली नाही एवढं मला आठवतं.

ते भांडले नाहीत. मागच्या खोलीतही ते नाडा, चष्मा आणि दिवा घेऊन बसले. संध्याकाळी एजन्सीची पोरं आली की दारात उभं राहून विचारायचे, दोन्ही पेच? पोरं हो काका, हो काका म्हणत निघून जायची. माझं उद्दिष्ट महिनाभर आधी पूर्ण झालं. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं, आणि त्या रविवारी अमरावतीला गेले तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून ते दोनदा ऐकवलं.

मार्चच्या अखेरीला आमच्या हद्दीतल्या एका नव्या ले-आउटमधून, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतून, फोन आला. घरी शिकवण्या घेणारी एक बाई कूलरमध्ये पाणी भरताना फेकली गेली होती. वाचली, पण मनगट मोडलं होतं. मी दोनपेच्यांना सोबत घेतलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती, आणि भीती वाटल्यावर मला त्यांचीच आठवण झाली. बाईचा नवरा कूलरच्या दुकानदाराला शिव्या देत होता. ती मात्र प्लास्टरमधला हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की मी बटन बंद केलं होतं हो, बंद करूनच भरून राहिली होती.

दोनपेच्यांनी बटन बंद ठेवून कूलरच्या वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

बटन फक्त एकच वायर तोडतं. ती फेजची असायला हवी, म्हणजे बटन बंद केलं की आत करंट जात नाही. पण मीटरपाशीच फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर बटन बंद केल्यावर पंखा थांबतो, दिवा विझतो, माणसाला वाटतं की झालं बंद, आणि करंट आत तसाच उभा असतो. एजन्सीच्या पोरानं सवयीनं हात चालवला होता. आकृती वाचली नव्हती. त्या घराचं मीटर आम्ही तिथल्या तिथे रीतसर सरळ केलं. परत येताना ले-आउटच्या तोंडाशी सायकल थांबवून दोनपेच्यांनी मागे वळून सगळ्या घरांकडे पाहिलं. सगळी मीटर त्याच पोरांनी लावली होती.

मी वर पत्र पाठवलं. उत्तर आलं की एजन्सीला कळवलं आहे, ती आपल्या माणसांकडून तपासणी करून घेईल, तोवर कोणीही सील तोडू नये. मीटरच्या झाकणाला सील असतं. ते हुकुमाशिवाय तोडणं म्हणजे आमच्या खात्यात चोरीच्याच पंगतीतला गुन्हा. दोन आठवडे गेले, एजन्सीचं कोणी फिरकलं नाही. एप्रिल लागला, ऊन चव्वेचाळीसच्या पुढे गेलं, आणि गच्च्यांवरून कूलर उतरवून खिडक्यांना बसायला लागले.

एका शनिवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“म्याडम, मी पाहून येऊ का ते घरं?”

मी म्हटलं, वरून उत्तर येऊ द्या.

“उत्तर येईस्तोवर लोक कूलर लावाचे थांबतीन का?”

मी पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मला माहीत होतं की ते बरोबर आहेत. मला हेही माहीत होतं की माझी नोकरी कायम व्हायला तीन महिने आहेत. मग मी जे बोलले ते शब्द मी त्यानंतर इतक्यांदा मनात उलटून पाहिले आहेत की ते आता पाठ झाले आहेत.

“जा तुमी. रविवारी पाहून घ्या. पण लेखी मागू नका मले.”

“तोंडी चालते,” ते म्हणाले आणि गेले.

तीन रविवार ते सुट्टी असताना मूर्तिजापूरहून अकोल्याला आले. एकेका घरी फ्यूज खिशात, दिवा तीनदा, पोथी, दोन्ही पेच, चहा, पुन्हा दोन्ही पेच. दर सोमवारी सकाळी माझ्या दारात उभे राहून किती घरं झाली ते सांगायचे आणि मी कागदांतून डोकं वर न काढता हं म्हणायचे. अकरा घरी जोडणी उलटी निघाली. ढिल्या पेचांचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. मी एकदा म्हटलं की बाहेरच्या बाहेर मेन स्विचपाशी वायरी अदलाबदल करून टाका, म्हणजे सील तोडायची गरज नाही. तर माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली. आत उलटं ठेवून बाहेर सरळ करायचं, आणि उद्या दुसरा कोणी आकृतीवर भरोसा ठेवून हात घालन तं त्याचं काय, असं विचारलं. ढिला पेचही झाकण उघडल्याशिवाय दिसत नाहीच.

नवीन सील त्यांच्याकडे नव्हतं. मग त्या माणसानं काय करावं? प्रत्येक मीटरवर वहीचा कागद चिकटवला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: उलटी जोडणी सरळ केली. दोन्ही पेच आवळले. सील मी तोडलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि सही. जिथे जोडणी सरळ होती तिथेही पेच बघण्यासाठी सील तोडलंच होतं, तर तिथेही तसा कागद. सील तोडून पळून जाणारे असतात, हा एकटाच पावती देत फिरला. दुसऱ्या रविवारनंतर मी त्या बाजूनं गेले तेव्हा एका भिंतीवर मी तो कागद वाचला. त्यांना बोलावून सांगायला हवं होतं की ते कागद काढा. पण तसं सांगणं म्हणजे मला सगळं ठाऊक आहे असं कबूल करणं, म्हणून मी तेही सांगितलं नाही.

मे महिन्यात भरारी पथक आलं. तुटलेली सीलं मोजायला त्यांना अर्धा दिवससुद्धा लागला नाही, कारण प्रत्येक मीटरवर सहीचा कागद चिकटवलेला होता. एजन्सीनं उलटा कांगावा केला की आमच्या कामात यानंच ढवळाढवळ केली, बाईचा अपघातही त्यामुळेच. तारखा बघितल्या असत्या तर खोटेपणा उघडा पडला असता. पण सील तुटलं हे खरं होतं आणि चौकशी सीलाची होती. दोनपेच्यांना निलंबित केलं. निवृत्तीला दहा महिने उरले होते.

चौकशी अकोल्यातच, वरच्या ऑफिसात झाली. मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी मी काय काय बोलणार याची मनातल्या मनात उजळणी केली होती. ते मला विचारून गेले होते, मी जा म्हटलं होतं, मला सगळं ठाऊक होतं. खरंच बोलायचं ठरवून मी त्या खोलीत शिरले होते. यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. चौकशी अधिकारी साधे, कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी समोरचा कागद बघत मला विचारलं, “यांनी जबाब दिला आहे, की मी कोणालाही न विचारता, स्वतःच्या मनानं सील तोडलं. बरोबर आहे?”

मला हे माहीत नव्हतं. त्यांनी आधीच सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि माझ्यासाठी एकच शब्द शिल्लक ठेवला होता. त्याऐवजी मी नाही म्हटलं असतं तर ते सगळं बोलू शकले असते. त्यांच्या जबाबाला खोटं पाडलं असतं, माझी नोकरी धोक्यात आली असती. पण वरिष्ठानंच, म्हणजे मीच, जा म्हटलं असेल तर एका तंत्रज्ञाला त्यात किती दोष लागणार? ते थोडक्यात सुटले असते.

“बरोबर,” मी म्हटलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान हलवली, काम नीट झाल्यावर हलवायचे तशी. मला त्या मान हलवण्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. तो राग स्वतःवर होता हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

शिक्षा झाली. कामावर परत घेतलं, पण वेतनवाढी रोखल्या, पगार खालच्या टप्प्यावर आणला, आणि त्यामुळे पेन्शनही कमी बसली. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी ते आले, हत्यारं एकेक करून स्टोअरमध्ये जमा केली, सह्या केल्या आणि निघाले. दारात मी होते. शिवी दिली असती, निदान तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, उन्हाचं जाऊन राहिल्या न म्याडम, डोक्याले काही बांधून घ्या. मी हो म्हटलं. माझी नोकरी तोवर कायम झाली होती.

पुढच्या वर्षी मला अमरावतीला बदली मिळाली, नंतर बढती. कामानिमित्त अकोल्याला जाणं चालूच असतं, आणि अमरावतीहून अकोल्याला जायचं तर वाटेत मूर्तिजापूर लागतंच. बस स्टँडवर दहा मिनिटं थांबते, लोक खाली उतरून पाणी पितात, केळी घेतात. दर वेळी मी मनाशी म्हणायची की आज उतरू, घर विचारू, चार शब्द बोलू. काय बोलू तेही तयार असायचं. मग कधी मीटिंगला उशीर व्हायचा, कधी हातात फाइल असायची, कधी घरी पोरीला ताप असायचा. कंडक्टर घंटी मारायचा आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या एप्रिलमध्ये उतरले. खास कारण काही नव्हतं. उतरले आणि बस निघून गेली, मग परत फिरायला काही राहिलं नाही. स्टेशनकडे चालत गेले. बंद पडलेल्या शकुंतलेच्या, त्या जुन्या नॅरोगेज गाडीच्या, रुळांपलीकडची वस्ती, एवढंच त्यांच्या बोलण्यातून आठवत होतं. एका दुकानात वीज खात्यातले, उंच, पॅन्टला नाडा घालायचे, असं सांगितल्याबरोबर दुकानदारानं हसून बोट दाखवलं. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, पण ते तं आता नाईत.

दिवाळीनंतर गेले होते. झोपेत, काही त्रास न होता. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी त्यांचा फोटो. फोटोतही पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

“तुमीच का त्या म्याडम?” ती म्हणाली. “बसा, बसा. ते लय नाव काढत जाय तुमचं.”

मी बसले. तिनं पंखा माझ्याकडे वळवला. त्यांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं, पेन्शन थोडी आहे पण मुलगा कामाला आहे, भागते, असं सांगितलं. तोंड उघडायला मी एक वाक्य जुळवत होते, नऊ वर्षं बसमध्ये जुळवलेलंच. तेवढ्यात तिनंच तो विषय काढला. त्या चौकशीनंतर ते घरी आले तेव्हा ती फार रडली होती. इतकी वर्षं इमानानं काम केलं आणि एका माणसानंही तुमची बाजू घेतली नाही, असं म्हणाली होती. तेव्हा ते तिच्यावर रागावले होते.

“म्हणे, असं बोलू नको,” ती सांगत होती. “म्याडम बोलल्या माह्या बाजूनं. भरल्या खोलीत, साहेबापुढं, एकट्या बोलल्या. नोकरी नवी होती तरी बोलल्या. मी म्हटलं, चला, एक तं निघालं माणूस. त्याच्यावरच मंग मले झोप लागली, ताई.”

आता समोर चौकशी अधिकारी नव्हते. जबाबाचा कागद नव्हता, आणि माझ्या नोकरीला कोणी हात लावणार नव्हतं. एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी मागे ठेवलेली एक गोष्ट मी काढून घेतली असती, असं मी नंतर बसमध्ये स्वतःला समजावलं. पण त्या खुर्चीवर बसलेली असताना माझ्या मनात असला विचार नव्हता. मला फक्त तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

तिनं आतून सुनेला हाक मारली. सून पदरानं हात पुसत बाहेर आली.

“पाया पड,” सासू म्हणाली, “बाबाच्या बाजूनं बोलल्या होत्या ह्या.”

सून पुढे येऊन वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.